दारूबंदीच्या जिल्ह्यातले अल्कोहोल

आमच्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार याच जिल्ह्यातले, त्यामुळे ती असणे साहजिक आहे. ती कितपत पाळली जाते हा प्रश्न वेगळा. पण नागपूर-वर्धा रस्त्यावर केळझरच्या अलीकडे-पलीकडे जेवढे पेट्रोल पंप आहेत, तिथे आज टाकीत पडणाऱ्या प्रत्येक पाच लिटरमागे साधारण एक लिटर अल्कोहोल असते. सरकारी परवानगीने, दिवसाढवळ्या, पावती देऊन.

नववीच्या तासाला एका पोराने मला हेच विचारले, "सर, पेट्रोलमध्ये दारू टाकतात म्हणे. मग आपल्या जिल्ह्यात पेट्रोल कसे चालते?" वर्ग हसला. मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "आणि सर, ते जायज आहे का?"

मी फिकहचा जाणकार नाही, भाषेचा मास्तर आहे. उर्दू आणि मराठी शिकवतो. म्हणून शब्दापासून सुरुवात केली. 'अल्कोहोल' हा शब्द मुळात अरबी आहे. 'अल-कुहल' म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा, बारीक वस्त्रगाळ भुकटी. हा शब्द युरोपात गेला आणि 'कुठल्याही वस्तूचा काढलेला अर्क' असा त्याचा अर्थ झाला. पुढे तो द्राक्षाच्या मद्यातून काढलेल्या अर्कालाच चिकटला. अर्क काढायच्या भांड्याला अरब 'अल-अंबीक' म्हणत. नवव्या शतकातल्या अल-किंदीने सुगंधी अर्क कसे काढावेत यावर ग्रंथ लिहिला आहे. पेट्रोलमध्ये घालायचे इथेनॉल याच विद्येने बनते. फक्त त्यातले पाणी जवळजवळ पूर्ण काढून टाकतात आणि ते कोणी पिऊ नये म्हणून नासवतात. "ते पिण्याचे नाही, जाळण्याचे आहे," एवढे सांगून मी पुढचा धडा घेतला.

पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण त्याच महिन्यात माझ्या भाच्याच्या गाडीचे इंजिन बसले होते.

भाचा नागपूरला गॅरेजमध्ये काम करतो. गाड्यांची ताकद वाढवून देणे हा त्याचा धंदा आणि वेडही. त्याने एक जुनी टर्बो हॅचबॅक घेतली. तिचे ट्यूनिंग आधीच कोणीतरी करून ठेवले होते. निम्मे पैसे माझ्या बहिणीच्या भिशीतले. मे महिन्यात डायनोच्या रोलरवर गाडी चढवून त्याने पॅडल तळापर्यंत दाबले आणि तिसऱ्या खेपेला आवाज बदलला. इंजिन उघडले तेव्हा एका पिस्टनच्या माथ्याला भोक पडलेले होते. रात्री त्याचा फोन आला, "मामू, मी काही चुकीचे केले नाही. इंधनच बदलले होते, आणि मला कोणी सांगितले नाही."

त्याच्या या वाक्याने मी इतिहासाकडे वळलो. इंधन बदलले आणि सांगितले नाही, असे आधीही कधी झाले आहे का?

आधी इंजिनाचे गणित सोप्या शब्दांत सांगतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा तेवढीच येणार असेल, तर इथेनॉल जास्त ओतावे लागते. वीस टक्के मिश्रणाला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते, पंच्याऐंशी टक्के मिश्रणाला दहाच्याही खाली. वर, लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. आमच्या केळझरला जुने लोक एकचक्रानगरी म्हणतात आणि गाडाभर अन्न खाणारा बकासुर इथलाच, अशी आख्यायिका सांगतात. पंच्याऐंशी टक्क्यांवर चालणारे टर्बो इंजिन हे त्या बकासुराच्याच जातीचे. त्याला मोठे इंजेक्टर लागतात, मोठा पंप लागतो.

मग वेगाचे शौकीन इथेनॉलच्या मागे का लागतात? कारण त्याचे दोन गुण पेट्रोलकडे नाहीत. एक, ते दाबाखाली अवेळी पेटत नाही, म्हणजे नॉकिंग होत नाही. त्यामुळे ठिणगी थोडी आधी टाकता येते आणि टर्बोचा दाब वाढवता येतो. दुसरा, ते वाफ होताना खूप उष्णता ओढून घेते. करोनाच्या काळात हातावर सॅनिटायझर टाकल्यावर जो गारवा लागायचा, तोच गारवा इंजिनात जाणाऱ्या हवेला मिळतो. विदर्भाच्या मे महिन्यात तो फुकटचा कूलरच समजा.

साध्या चालवण्यात गाडीचा संगणक मिश्रणातला फरक स्वतःच भरून काढतो. सायलेन्सरच्या वाटेवर प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. तो सांगतो की इंधन कमी पडते आहे, आणि संगणक थोडे वाढवतो. पण पॅडल पूर्ण दाबले की अनेक गाड्यांत संगणक या सेन्सरचे ऐकणे थांबवतो आणि आत लिहून ठेवलेल्या तक्त्यावर विसंबतो. भाच्याच्या गाडीतला तक्ता पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतानाच्या काळातला होता. वीस टक्के आल्यावर मिश्रणात इंधनाचा वाटा तीन-चार टक्क्यांनी कमी पडू लागला. एवढ्यानेच इंजिन मेले असे म्हणणे खोटे होईल. आधीच्या ट्यूनरने इंजेक्टर शेवटच्या टोकापर्यंत ताणले होते, चुकीला जागाच ठेवली नव्हती. पण गाडी कुठल्या इंधनासाठी बसवली आहे, हे त्याने कुठेही लिहून ठेवले नव्हते. विकणाऱ्याने सांगितले नाही आणि भाच्याला विचारायचे सुचले नाही.

शंभर वर्षांपूर्वी हे काम कोणी संगणकावर सोपवले नव्हते. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली. तिच्या स्टीअरिंगखाली डाव्या हाताला एक दांडी होती. ती खालीवर केली की ठिणगीची वेळ मागेपुढे होई. मिश्रण पातळ-दाट करायला वेगळी कळ होती. इंधन कसे आहे हे ड्रायव्हर कानाने ओळखायचा आणि हाताने जमवून घ्यायचा. त्या काळी पेट्रोलचा दर्जा गावोगावी वेगळा असे आणि शेतमालापासून काढलेले अल्कोहोलही इंधन म्हणून चर्चेत होते. हेन्री फोर्ड स्वतः त्याचा पुरस्कर्ता होता.

पुढे इंजिनांचा दाब वाढला आणि नॉकिंगची डोकेदुखी सुरू झाली. अल्कोहोल मिसळले की ती थांबते, हे संशोधकांना ठाऊक होते. पण त्यासाठी अल्कोहोल बरेच मिसळावे लागे. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला शिशाचे एक संयुग सापडले. ते चिमूटभर टाकले तरी काम होई. स्वस्त, पेटंट घेता येईल असे, आणि कार्ब्युरेटरला हात लावायची गरज नाही. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात ते बनवणारे कामगार विषबाधेने मेले, तरी शिसे जिंकले. तेव्हापासून चालकाने इंधनाचा विचार करण्याचे कारणच उरले नाही. कंपनीने जे दिले ते टाकीत. आपल्या देशात हे शिसे पेट्रोलमधून पूर्ण जायला २००० साल उजाडले. तोवर आपल्या शहरांतल्या रस्त्यांवर दोन-तीन पिढ्यांनी ते श्वासातून घेतले होते. पेट्रोलमध्ये काय आहे हे त्यांनाही कोणी विचारून टाकले नव्हते.

आता आपल्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशन झाले. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या बसगाड्यांच्या गोष्टी माझे दादा सांगत. गाडीमागे भट्टी, आणि चढ आला की प्रवासी उतरून ढकलणार. त्याच काळात शेजारच्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात कामारेड्डीला मोहाच्या फुलांपासून 'पॉवर अल्कोहोल' काढले जात होते. मोह म्हणजे आमच्या विदर्भाच्या जंगलातला कल्पवृक्ष. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या सुमारास मोहाच्या फुलांतल्या साखरेचा अभ्यास केला होता, आणि त्या सहकाऱ्यांत एस. महदीहसन हेही होते. ज्या फुलासाठी आमच्याकडे आदिवासींवर पोलिसांच्या धाडी पडतात, त्याच फुलावर शेजारच्या संस्थानात मोटारीचे इंधन बनत होते.

वर्ध्याचाही या कथेत वाटा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. जमनालाल बजाज वर्ध्याचे. गांधीजींना वर्ध्याला आणणारे, त्यांचे पाचवे पुत्र म्हणवले जाणारे. त्यांनी १९३१ मध्ये उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना उभारला. १९४२ मध्ये ते गेले. १९४४ मध्ये त्या कारखान्याला मळीपासून औद्योगिक अल्कोहोल बनवणारी डिस्टिलरी जोडली गेली. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींच्या सर्वांत जवळच्या उद्योजक घराण्याची ती डिस्टिलरी होती. यात मला ढोंग दिसत नाही. पिण्याचे आणि जाळण्याचे यांत फरक असतो, एवढेच त्यातून दिसते. नववीच्या त्या पोराला मी हेच उत्तर द्यायला हवे होते.

याच घराण्याने पुढे पुण्याजवळ आकुर्डीत स्कूटर बनवल्या. १९७२ पासून चेतक रस्त्यावर आली. ज्यांनी ती चालवली त्यांना मिश्रण काय असते हे समजावून सांगावे लागत नाही. टू-स्ट्रोक इंजिन. पंपावर पेट्रोल घेताना मापाने ऑइल टाकायचे. सकाळी चालू होत नसेल तर स्कूटर एका बाजूला कलती करायची, मग किक. ऑइल जास्त झाले की धूर, कमी झाले की इंजिन जाम. माझे अब्बा ते माप दुसऱ्या कोणाला करू देत नसत. टाकीत काय आणि किती गेले, हे मालकाला नेमके माहीत असलेली ती शेवटची पिढी.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, संसदेने 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' केला. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायला लावण्याचा अधिकार त्याने केंद्राला दिला. म्हणजे आज जे नवे म्हणून सांगितले जाते त्याचा कायदा पंचाहत्तर वर्षांहून जुना आहे. पण पुढच्या दशकात तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाने आले, पेट्रोल सहज मिळू लागले आणि मळीचे अल्कोहोल रसायन कारखान्यांकडे व मद्याकडे वळले. कायदा पुस्तकात राहिला. २००० मध्ये तो रद्द करण्यात आला. ज्या वर्षी पेट्रोलमधून शिसे गेले त्याच वर्षी हा कायदाही गेला. आणि पुढच्याच वर्षी अल्कोहोल परत आले.

ते परत आले महाराष्ट्रातूनच. २००१ मध्ये पाच टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प तीन ठिकाणी झाले: मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातले आंवला. मिरजेच्या आणि मनमाडच्या आसपास ऊस, साखर कारखाने आणि मळी आहे, तेव्हा निवड बरोबरच होती. १ जानेवारी २००३ पासून महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सक्तीचे झाले. त्यानंतर लगेच पाऊस रुसला, ऊस घटला, मळी महागली आणि २००४ पर्यंत योजना ढेपाळली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा रखडली. कागदावर पाच टक्के होते, पण २०१३-१४ मध्ये देशाची सरासरी दीड टक्क्याच्या आसपास होती.

म्हणजे त्या दहा-बारा वर्षांत एका पंपावर पाच, दुसऱ्यावर शून्य, आणि तुमच्या टाकीत दोन्हींचे काहीतरी. रस्त्यावरच्या बहुतेक दुचाकी तेव्हा कार्ब्युरेटरच्या. त्यात इंधनाचे प्रमाण जेटच्या एका बारीक भोकावर ठरते. त्याला सेन्सर नाही, त्याला काही कळत नाही. मिस्त्री प्लग काढून बघायचा. पांढरा पडला म्हणजे इंधन कमी, काळा पडला म्हणजे जास्त. मग स्क्रू अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. मिश्रण का बदलले हे त्यालाही माहीत नसे. तो 'पेट्रोल खराब आहे' म्हणायचा आणि आपण मान डोलवायचो.

ब्राझीलनेही हीच वाट चालली, पण तिथे मोटारीही बदलल्या. १९३१ पासून तिथे पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळत आहेत. तेलसंकटानंतर नोव्हेंबर १९७५ मध्ये 'प्रोअल्कोल' योजना आली. १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. पुढे तिथेही साखर महागली, अल्कोहोलचा तुटवडा झाला, आणि केवळ अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांचे मालक पंपांवर अडकले. त्यातून धडा घेऊन २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल ही 'फ्लेक्स' गाडी आणली. पेट्रोल टाका, इथेनॉल टाका, दोन्ही कितीही मिसळा. गाडीचा संगणक प्राणवायूच्या सेन्सरवरून अंदाज बांधतो आणि इंधन व ठिणगी दोन्ही जुळवून घेतो. काही गाड्यांत इंधनाच्या नळीतच सेन्सर बसवतात. इथेनॉल वाढले की इंधनाचे विद्युत गुणधर्म बदलतात, त्यावरून तो टक्के सांगतो. शिवाय ब्राझीलच्या पंपावर दोन नोझल, दोन भाव. काय भरायचे ते गिऱ्हाईक ठरवतो.

आपल्याकडे खरा वेग गेल्या दहा वर्षांत आला. जून २०२१ मध्ये नीती आयोगाचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी पुण्यात निव्वळ इथेनॉलच्या प्रायोगिक पंपांची सुरुवात झाली. वीस टक्क्यांची मुदत २०३० वरून २०२५ वर आणली गेली. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी दहा टक्क्यांवर पोहोचली. योगायोग असा की त्याच वर्षीच्या हंगामापासून फॉर्म्युला वनच्या शर्यतीतल्या गाड्यांनाही दहा टक्के इथेनॉलचे इंधन सक्तीचे झाले. जगातले सर्वांत महागडे ट्यूनर आणि सेलूच्या बसस्टँडमागचा मिस्त्री एकाच वर्षी एकाच प्रश्नाशी झुंजत होते. फरक एवढाच की शर्यतवाल्यांना नियम आधीच लेखी मिळाला होता आणि इंजिन नव्याने बांधायला वेळ मिळाला होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पेट्रोल आले आणि २०२५ मध्ये सरासरी वीस टक्क्यांपर्यंत गेली. त्याच नीती आयोगाच्या आराखड्यात लिहिले होते की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज वीस टक्क्यांवर सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, दुचाकींचे तीन-चार टक्क्यांनी. म्हणजे माहिती होती. ती इंग्रजी अहवालात होती, पंपावर नव्हती.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. उसाचे पैसे शेतकऱ्याला वेळेवर मिळणे, परकी तेलावरचा खर्च कमी होणे, या चांगल्या गोष्टी आहेत. दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी पडणार असे दिसताच केंद्राने उसाचा रस इथेनॉलकडे वळवण्यावर बंधन घातले आणि मक्याला मागणी वाढली. गाडाभर धान्य बकासुराला रोज पाठवायचे की नाही, हा प्रश्न एकचक्रानगरीचा होता, तसा आपलाही आहे. पण ती चर्चा वेगळ्या लेखाची. आजचे म्हणणे एवढेच की इंजिन कुठल्याही मिश्रणाला जुळवता येते. शंभर वर्षांपूर्वी ते एका दांडीने जुळत होते, आज सेन्सरने जुळते. जुळवणाऱ्याला टक्का कळला पाहिजे, ही एकच अट तेव्हा होती आणि आजही आहे.

माझी दुचाकी जुनी, कार्ब्युरेटरचीच. मागच्या वर्षी पेट्रोलची रबरी नळी फुगून मऊ झाली. मिस्त्रीने इथेनॉल सोसणारी नळी टाकली आणि जेट एक नंबर मोठा बसवला. खर्च फार नव्हता. पण हे दोन वर्षे आधी कोणी सांगितले असते, तर रस्त्यात गाडी ढकलली नसती.

भाच्याने इंजिन पुन्हा बांधले. या वेळी मोठे इंजेक्टर, इंधनाच्या नळीत इथेनॉलचा सेन्सर आणि संगणकात दोन तक्ते, एक कमी टक्क्यांचा आणि एक जास्त टक्क्यांचा. सेन्सर जो आकडा सांगेल त्याप्रमाणे संगणक दोन्हींच्या मधला मार्ग काढतो. तरी त्याचा सेन्सरवर पूर्ण भरवसा नाही. ईदला तो केळझरला आला तेव्हा अंगणात, चुलीपासून लांब, काचेच्या मापात त्याने ८० मिलिलिटर पेट्रोल आणि २० मिलिलिटर पाणी घालून हलवले. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात उतरते. थोड्या वेळाने खालचा पाण्याचा थर ३६ च्या रेषेजवळ स्थिरावला. १६ मिलिलिटर वाढ, म्हणजे ८० मध्ये वीस टक्के.

"बघ मामू," तो म्हणाला, "एवढ्यासाठी माझे इंजिन गेले."

मग त्याने गाडीकडे जाऊन टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिले: कुठल्या टक्क्यापासून कुठल्या टक्क्यापर्यंत जुळवलेली, आणि तारीख. ही गाडी उद्या कोणी विकत घेतली तर त्याला कळावे म्हणून.

सुट्टीनंतर शाळेत मी नववीच्या वर्गात हाच प्रयोग विज्ञानाच्या मास्तरांना करायला सांगितला. पाण्याचा थर वर चढताना बघून त्या पोराने पुन्हा विचारले, "सर, हे पंपावर लिहून का ठेवत नाहीत?"

या वेळी वर्ग हसला नाही.